धंतोलीत गाडी कुठं लावायची? समुद्रपूर तालुक्यातल्या एका कुटुंबाचं प्रकरण

खेड्यातून नागपूरला पेशंट घेऊन जाणाऱ्या घरांसाठी हे लिहून ठेवत आहे. आमच्या भागात गावातली चार-पाच माणसं मिळून दवाखान्याच्या कामात लोकांना मदत करतात, मी त्यातला एक. अशा घरांची डॉक्टर, औषधं, पैसा या सगळ्यांची तयारी असते. गाडी उभी कुठं करायची, हे मात्र दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत कोणी विचारत नाही. त्याचा फटका थेट उपचाराला कसा बसतो, ते या प्रकरणात दिसतं. ओळख पटू नये म्हणून गाव, माणसं आणि दवाखाना यांची नावं दिलेली नाहीत. घरच्यांना विचारूनच लिहिलं आहे.

पार्श्वभूमी

वर्धा जिल्ह्यातल्या जामच्या चौरस्त्यापासून आत असलेलं गाव. घरी कोरडवाहू वावर, कापूस आणि तूर. ६८ वर्षांची माय सकाळी कोठ्यात शेण काढताना घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. हिंगणघाटला एक्सरे झाला, तिथून नागपूरला पाठवलं. धंतोलीतल्या एका खासगी दवाखान्यात ऑपरेशन होऊन खुब्याचा गोळा बदलला. वॉकर घेऊन माय घरी आली. टाके काढणं, एक्सरे, तपासणी यासाठी पुढचे काही महिने नागपूरच्या चकरा ठरलेल्या होत्या.

घरी जुनी व्हॅगनआर आहे. धाकटा मुलगा ती चालवतो आणि चांगली चालवतो. जाम ते नागपूर साधारण ६० किलोमीटर, चौपदरी हायवे, त्यात काही अडचण नाही. पण गावात गाडी निंबाखाली उभी केली की काम संपतं. हिंगणघाटच्या बाजारातही कुठंतरी कडेला घुसवता येते. गाडी लावायला जागा शोधावी लागते, त्यासाठी वेळ हाताशी ठेवावा लागतो, हे त्याच्या हिशोबातच नव्हतं.

धंतोली ही नागपूरची जुनी वस्ती, सीताबर्डीला लागून. बंगल्यांसाठी आखलेल्या गल्ल्यांमध्ये एकेक करत दवाखाने आले. मग पॅथॉलॉजी, मेडिकल स्टोअर, एक्सरे सेंटर. विदर्भातल्या सगळ्या जिल्ह्यांतून, शिवाय छिंदवाडा, बालाघाट आणि आदिलाबादकडूनही पेशंट येतात. रस्ते तेवढेच राहिले. तिथल्या रहिवाशांनी हा पार्किंगचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत नेला. तेव्हा हा एकट्या कुटुंबाचा गोंधळ होता असं कोणी समजू नये.

अडचण नेमकी काय होती

खुब्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला गाडीतून उतरवणं हे अर्ध्या मिनिटाचं काम नसतं. पहिले काही आठवडे खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, खाली बसायचं नाही, असं डॉक्टर बजावून सांगतात. म्हणजे माय गाडीत आधी पाठीकडून बसणार, मग मागं सरकणार, मग सून एकेक पाय धरून आत घेणार. उतरताना हेच सगळं उलटं. सीट खोलगट म्हणून खाली घट्ट उशी. वॉकर डिक्कीत, तो काढायचा, उघडायचा, तिच्या हाताखाली द्यायचा. घाई न करता पाच मिनिटं लागतातच.

ही पाच मिनिटं दवाखान्याच्या गेटवर मिळत नव्हती. मागं ऑटो, त्याच्या मागं ॲम्ब्युलन्स, सगळ्यांचे हॉर्न. गार्ड बोनेटवर थाप मारत म्हणे, "पुढं घ्या, पुढं घ्या!"

टाके काढायच्या दिवशी वेळ साडेअकराची होती. मुलगा, सून आणि माय असे तिघं. घाईघाईत मायला उतरवलं, सुनेनं तिला धरून पायऱ्यांजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं आणि मुलगा गाडी घेऊन पुढं गेला. दवाखान्याच्या तळमजल्यात पार्किंगची पाटी होती, पण आत अर्ध्या जागेत औषधांचे खोके आणि उरलेल्या जागेत डॉक्टरांच्या गाड्या. गल्लीला एक फेरी, दुसरी फेरी. शेवटी मागच्या गल्लीत एका बाजूला मोकळी जागा दिसली, एक गाडी उभीही होती. त्यानं मागं आपली लावली आणि पळत आला.

तिथं सम-विषम तारखेची पार्किंग होती. पी-१ आणि पी-२ असे फलक असतात. एका बाजूला विषम तारखेला गाड्या लावायच्या, दुसऱ्या बाजूला सम तारखेला. शहरातल्या माणसाला हे अंगवळणी पडलेलं असतं. त्या दिवशी समोरची बाजू गच्च भरलेली आणि ही बाजू मोकळी होती, याचं कारणच ते होतं. फलक होता, पण त्यावर झाडाची फांदी आलेली होती. आणि फलक पूर्ण दिसला असता तरी पी-२ म्हणजे काय ते त्याला कळलं नसतं, कारण आमच्याकडे असा फलक कुठंच नाही.

तासाभरानं नंबर आला. डॉक्टरांनी जुना एक्सरे मागितला. एक्सरेचं मोठं पाकीट आणि डिस्चार्ज कार्डाची फाइल गाडीच्या मागच्या सीटवर होती. मुलगा आणायला गेला तर गाडी जागेवर नाही. समोरच्या पानठेल्यावाल्यानं सांगितलं, "भाऊ, क्रेननं उचलून नेली. आत्ताच गेली."

त्या घडीला त्याच्यापुढं दोन कामं होती आणि माणूस एक. फाइल आणायला वाहतूक पोलिसांचं आवार गाठायचं, की आत जाऊन डॉक्टरांना थांबायला सांगायचं? तो ऑटोत बसून आवाराकडे गेला. त्याचा फोन सुनेकडे होता, नागपूरला उतरताना त्यावरच नकाशा पाहत होती ती. म्हणजे आत बसलेल्या दोघींना काहीच कळलं नाही. आवारातल्या हवालदारानं फाइल तेवढी काढू दिली, हे सांगायलाच हवं. पण गाडी सोडवायची तर दंड, टोइंगचा खर्च, कागदपत्रं, रांग. तो परत आला तेव्हा डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये गेलेले होते. टाके सिस्टरनं काढले, पण एक्सरे पाहून पायावर वजन किती द्यायचं हे डॉक्टर सांगणार होते, ते राहिलं. माय त्या खुर्चीवर आणि मग बाकावर मिळून चारेक तास बसली. संध्याकाळी पाय सुजला. घरी आल्यावर म्हणाली, "मले आता नागपूरले नोका नेऊ. इथंच जे व्हईल ते व्हईल."

आम्हाला हे प्रकरण कळलं ते या वाक्यामुळं. गाडी उचलली गेली म्हणून पेशंट पुढच्या तपासणीला नाही म्हणत होती.

दंडाबद्दल थोडं

घरात पहिली चर्चा दंडाचीच झाली. फांदीमागचा फलक, मग दंड कशाचा? मोठ्या भावाचं म्हणणं, तक्रार करायची. मोटार वाहन कायद्याच्या १७७ कलमाखाली पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुन्हा झालं तर १,५०० रुपयांपर्यंत दंड आहे. १२७ कलमाप्रमाणे चुकीच्या जागी उभी गाडी पोलीस उचलू शकतात किंवा चाकाला जॅमर लावू शकतात, आणि उचलण्याचा खर्च मालकाच्याच माथी. ई-चलन चुकीचं वाटलं तर वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक या ॲपवर किंवा संकेतस्थळावर फोटोसह तक्रार टाकता येते. मुलाकडे मात्र फलकाचा, फांदीचा, गाडी लावली त्या जागेचा, कशाचाच फोटो नव्हता, आणि दंड भरून गाडी सोडवलेली होती. त्या दिवशी भरणं बरोबरच होतं असं मला वाटतं. मायला घरी न्यायची होती आणि गाडी तीच. तक्रारीचा नाद सोडून पुढच्या चकरेकडे बघायचं, असं आम्ही सांगितलं. मोठा भाऊ नाराज राहिला, आजही आहे.

पर्याय

पुढची तपासणी तीन आठवड्यांनी होती. आम्ही घरी जाऊन बसलो आणि एकेक रस्ता तपासला.

एसटीचा विचार आधी झाला, कारण खर्च सर्वात कमी. महिलांना अर्धं तिकीट आहे. गणेशपेठ बसस्थानकापासून धंतोली लांब नाही. पण एसटीच्या पायऱ्या उंच, खुबा वाकवायचा नाही, त्यात जामला उभं राहून बस पकडायची. तो विषय दोन मिनिटांत संपला.

भाड्याची गाडी आणि ड्रायव्हर. याचा फायदा असा की पेशंटसोबत घरची दोन्ही माणसं आत राहतात आणि गाडीचं ड्रायव्हर बघतो. गाडीत माणूस बसला म्हणून नो-पार्किंगची जागा पार्किंगची होत नाही, पण पोलीस आले की गाडी हलवता येते. जामचे काही ड्रायव्हर रोजच धंतोलीत जातात, त्यांना गल्ली न् गल्ली माहीत. खर्च मात्र घरच्या गाडीच्या पेट्रोलच्या कितीतरी वर. प्रत्येक चकरेला हा खर्च झेपणार नव्हता.

नातेवाइकांकडे गाडी लावणं. मायची चुलत भाची मनीषनगरकडे राहते. तिथं गाडी ठेवून ऑटोनं जायचं. म्हणजे मायची दोनदा चढ-उतार, आणि ऑटोचा धक्का. सून स्पष्ट नाही म्हणाली, आणि तिचं बरोबर होतं, कारण चढवायचं-उतरवायचं तिलाच होतं.

खापरीला गाडी ठेवून मेट्रो. वर्धा रोडनं नागपूरात शिरताना खापरी स्टेशन आधीच लागतं. मार्च २०१९ मध्ये खापरी ते सीताबर्डी हाच भाग सगळ्यात आधी सुरू झाला. स्टेशनांवर लिफ्ट आहे, डबा फलाटाच्या पातळीला असतो, पायरी चढावी लागत नाही. काँग्रेसनगरला उतरलं की धंतोली जवळच. हा पर्याय मला स्वतःला सगळ्यात पटलेला. पण ऑपरेशनला अजून दीड महिनाही झाला नव्हता. गर्दीत कोणाचा धक्का लागला तर? माय वॉकरवर स्टेशनातलं अंतर चालेल का? तिला विचारलं तर म्हणाली, "मी पायतो न आधी चालून, मंग सांगतो."

राहिला तो घरचीच गाडी, पण माणसं आणि वेळ बदलून.

इथं निर्णयाची खरी जागा होती. मुलाचं म्हणणं, आता सम-विषम कळलं, या वेळी नीट लावतो. म्हणजे जागा शोधण्यात तो आणखी हुशार होणार. आमचं म्हणणं, धंतोलीत सकाळी अकराला जागा शोधायचीच नाही. गाडी आत फक्त मायला उतरवायला जाणार. ती थांबणार बाहेर, कितीही लांब असो, पण नक्की मिळेल अशा ठिकाणी. या दोन विचारांत फरक मोठा आहे. पहिल्यात दवाखान्याची वेळ जागेच्या नशिबावर अवलंबून राहते.

काय केलं

आधी दवाखान्यात फोन केला. तीन गोष्टी विचारल्या: सकाळची पहिली वेळ मिळेल का, पेशंट वॉकरवर आहे तर गेटवर गाडी दहा मिनिटं थांबू द्याल का, आणि व्हीलचेअर गेटपर्यंत येईल का. फोन घेणाऱ्या मुलीनं पहिली वेळ लगेच दिली. व्हीलचेअरलाही हो म्हणाली. गेटचं तिला माहीत नव्हतं, तिनं विचारून परत फोन केला आणि सांगितलं की गार्डला पेशंटचं नाव देऊन ठेवते. एवढ्या एका फोननं अर्धं काम झालं.

मग माणसं वाटली. सून मायसोबत, तिनं मायची पाठ सोडायची नाही. फाइल, एक्सरे, औषधाच्या चिठ्ठ्या, पैसे, आधार कार्ड हे सगळं एका कापडी पिशवीत, आणि ती पिशवी सुनेच्या खांद्याला. गाडीत काहीही ठेवायचं नाही. मोठा भाऊ व्हीलचेअरसाठी. धाकटा फक्त गाडीसाठी. फोन ज्याचा त्याच्याजवळ, पूर्ण चार्ज.

गाडी थांबवायची जागा आदल्या आठवड्यात पाहून ठेवली. धाकटा एकटा बाइकनं नागपूरला जाऊन आला. पैसे देऊन गाडी ठेवता येईल अशी एक जागा त्याला दवाखान्यापासून पायी वीसेक मिनिटांवर सापडली, आणि ती भरलेली असली तर दुसरी वर्धा रोडकडे. दोन्ही जागांचा रस्ता त्यानं स्वतः चालवून पाहिला, कारण नकाशावर गल्ली दिसते पण एकेरी वाहतूक कुठं आहे ते दारात गेल्यावरच नीट कळतं. बाइकची ही चक्कर मोठ्या भावाला पेट्रोलची नासाडी वाटत होती.

तपासणीच्या दिवशी सकाळी सहाला निघाले. दवाखान्यासमोर पोचले तेव्हा गल्ली जवळपास रिकामी होती. गार्डकडे नाव होतं. सुनेनं घाई न करता एकेक पाय बाहेर घेतला, व्हीलचेअर आली, माय आत गेली. मग धाकट्यानं गाडी हलवली. परत निघताना मायला आधी व्हीलचेअरवर गेटच्या आतल्या बाजूला, सावलीत आणून बसवलं आणि मगच धाकट्याला फोन लावला. गाडी येऊन थांबली की लगेच बसवायचं. हा क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक लोक डॉक्टरांच्या खोलीतून निघतानाच फोन करतात. मग बिल, औषधं, मायचं बाथरूम यात वीस मिनिटं जातात, तोवर गाडी गेटवर येऊन हॉर्न खात उभी.

काय झालं

तपासणी वेळेत झाली. डॉक्टरांनी नवा आणि जुना एक्सरे शेजारी लावून पाहिला आणि पायावर किती वजन द्यायचं ते सांगितलं. दुपारच्या जेवणाला मंडळी घरी होती. पार्किंगला पैसे गेले, पण दंड आणि टोइंगच्या तुलनेत फारच कमी.

पुढच्या वेळी मायनं स्वतःहून मेट्रोचं काढलं. तोवर ती वॉकरवर अंगण, रस्ता, देवळापर्यंत चालत होती. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी गर्दीची वेळ टाळायच्या अटीवर हो म्हटलं. खापरीला गाडी ठेवली, लिफ्टनं वर, डब्यात एका मुलीनं उठून जागा दिली. काँग्रेसनगरपासून ऑटो. ऑटोत बसताना मात्र त्रास झाला, सीट गाडीपेक्षाही अवघड. तेव्हा हा मार्ग सगळ्यांना सरसकट सांगता येणार नाही. ज्याला चालता येतं आणि ज्याच्यासोबत दोन माणसं आहेत, त्याच्यासाठी तो चांगला आहे. एकट्या मुलानं आजारी बापाला घेऊन हे करू नये.

गार्ड आणि गेटचं पुढं असं झालं की दवाखान्यानं वॉकर आणि स्ट्रेचरच्या पेशंटसाठी उताराजवळची एक गाडीची जागा मोकळी ठेवायला सुरुवात केली. सकाळी ती मोकळी असते. दुपारी तिथं कोणाचीतरी मोटारसायकल दिसते. तळमजल्यातले खोके जिथल्या तिथं आहेत. बांधकाम नियमांत दवाखान्याला खाटांच्या हिशोबानं पार्किंग ठेवावं लागतं, आणि ते गाड्यांसाठीच उघडं राहिलं पाहिजे. याबद्दल मोठ्या भावानं दवाखान्याच्या व्यवस्थापनाला पत्र दिलं आहे. त्याची पोच घेतली आहे, उत्तर आलेलं नाही.

काय वेगळं करता आलं असतं

डिस्चार्जच्या दिवशीच हे सगळं विचारता आलं असतं. तेव्हा घरचे आठवडाभर तिथं राहिले होते, गार्ड ओळखीचा झाला होता, समोरचा पानठेलेवाला रोज दिसत होता. गल्लीत गाडी कुठं उचलतात आणि कुठं नाही, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार? पण तेव्हा घरी जायची घाई होती. डिस्चार्ज कार्डावर औषधं लिहितात, पथ्य लिहितात, पुढची तारीख लिहितात. बाहेरगावच्या पेशंटसाठी गाडी कुठं उतरवायची आणि कुठं ठेवायची या दोन ओळी त्याच कार्डावर छापणं दवाखान्याला जड नाही. आम्ही ते मागत राहणार आहोत.

त्या दिवशी गाडी उचलल्याचं कळल्यावर मुलानं आधी आत जायला हवं होतं, असं मला वाटतं. डॉक्टरांना एक्सरे नंतर दाखवतो म्हटलं असतं तर त्यांनी पाय तपासून निदान तोंडी काहीतरी सांगितलं असतं, किंवा दुपारनंतरची वेळ दिली असती. गाडी आवारात सुरक्षित होती, ती कुठं जाणार नव्हती. पण गाडी दिसली नाही की माणसाच्या पोटात गोळा येतो, आणि ती गाडी घरातली सगळ्यात महागडी वस्तू असेल तर जास्तच. त्या क्षणी त्याला दोष देणं सोपं आहे, मी देणार नाही.

गाडी लावल्यावर मागंपुढं फोटो काढून ठेवणं ही सवय आता त्याला लागली आहे. फलक, गाडीचा नंबर आणि आजूबाजूच्या गाड्या एका फोटोत येतील असा. कोणाच्या फाटकासमोर, फूटपाथवर, किंवा उभ्या गाडीला लागून दुसऱ्या ओळीत गाडी लावणं नियमात बसत नाही, मग तिथं फलक असो वा नसो. एवढं लक्षात ठेवलं तरी बराचसा दंड वाचतो.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. मायचा पुढचा एक्सरे संध्याकाळच्या ओपीडीत आहे, डॉक्टर सकाळी नाहीत. संध्याकाळी सहाला धंतोलीची गल्ली सकाळी अकरापेक्षा वाईट असते, आणि परतताना हायवेवर अंधार. धाकटा म्हणतो जामच्या ड्रायव्हरला सांगू. मोठ्याला खर्च नको आहे. सुनेनं दवाखान्यात फोन करून विचारलं आहे की एक्सरे सकाळी काढून ठेवला आणि डॉक्टरांनी तो संध्याकाळी पाहून फोनवर सांगितलं तर चालेल का. दवाखान्यात फोन घेणारी मुलगी आता या घरचं नाव ओळखते. सोमवारी सांगते म्हणाली आहे.